मर्यादित आवृत्तीतले जुन्या वळणाचे डायव्हिंग घड्याळ घ्यावे की नाही, हे ठरवताना

मागच्या दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या कोर्टातल्या आमच्या बाररूममध्ये एक तरुण वकील मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. पडद्यावर 1960 च्या दशकातल्या वळणाचे, पाण्याखाली वापरण्यासाठी बनवलेले एक स्विस घड्याळ होते. काळी तबकडी, त्यावर सायीच्या रंगाचे ठिपके, किंचित फुगीर काच, आणि खाली जगभरात मिळून किती नग निघणार याचा आकडा. “सर, शुक्रवारपर्यंत बुकिंगचे पैसे भरले नाहीत तर माझा नंबर जाईल. घेऊ का?” असे त्याने विचारले. किंमत त्याच्या सात-आठ महिन्यांच्या कमाईइतकी होती. मी त्याला हो किंवा नाही असे काहीच सांगितले नाही. त्याऐवजी दोन संध्याकाळी बसून कोणते प्रश्न त्याने स्वतः सोडवावेत ते सांगितले, आणि तेच इथे सविस्तर लिहितो आहे. मला या घड्याळांची मनापासून ओढ आहे, आणि म्हणूनच ती घाईने घेतली जाऊन वर्षभरात कपाटात पडलेली मला पाहवत नाहीत.

माझे म्हणणे असे आहे की, केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, पाठीवर कोरलेला आकडा आणि पुढे किंमत वाढेल हे आश्वासन या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्यावरही ते घड्याळ हवेसे वाटत असेल, आणि आपल्यासारख्या गावात राहून ते वीस वर्षे नीट सांभाळता येणार असेल, तरच ते घ्यावे.

वस्तू काय आहे, हे आधी जाणून घ्यावे

आधुनिक डायव्हिंग घड्याळाचा इतिहास साधारणपणे 1953 पासून सांगितला जातो. त्या वर्षी ब्लाँपँ या स्विस कंपनीने ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ आणले, आणि रोलेक्सच्या ‘सबमरीनर’चा जन्मही त्याच वर्षीचा. फॅदम म्हणजे आपल्याकडची वाव, दोन्ही हात पसरल्यावर होते ती लांबी. पन्नास फॅदम म्हणजे 300 फूट, सुमारे 91 मीटर. ब्लाँपँचे तेव्हाचे प्रमुख झाँ-जाक फिश्टेर स्वतः पाणबुडे होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बुडी मारलेली असताना त्यांना वेळेचे भान राहिले नाही आणि टाकीतली हवा संपत आली. त्या अनुभवातून, तसेच फ्रेंच नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या जवानांच्या तुकडीचे बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो यांनी मांडलेल्या गरजांतून या घड्याळाची ठेवण पक्की झाली. काळ्या तबकडीवर मोठे चमकणारे अंक असावेत, पाण्यात उतरताना शून्य मिनिटकाट्यासमोर आणता यावे म्हणून बाहेरून फिरती कडी असावी, आणि ती कडी धक्क्याने आपोआप सरकू नये.

आजच्या बहुतेक घड्याळांत ही कडी, म्हणजे बेझल, एकाच दिशेने फिरते. त्यामागचे कारण इतके साधे आणि इतके माणुसकीचे आहे की ते मला दर वेळी नव्याने आवडते. कडी चुकून सरकलीच, तर पाण्यात गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसावा, कमी कधीही दिसू नये, म्हणजे माणूस उशिरा नव्हे तर लवकर वर येईल. आज पाणबुडे मुख्यतः डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारे छोटे यंत्र, वापरतात आणि असे घड्याळ असलेच तर सोबतीला असते, हे खरे आहे. तरीही हातातल्या वस्तूच्या प्रत्येक भागामागे कोणाच्या तरी जिवाचा विचार आहे, ही जाणीव ज्याला मोलाची वाटते त्याच्यासाठीच ही खरेदी आहे.

आता जुन्या वळणाचा अर्थ पाहू. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर अंधारात उजळावेत म्हणून आधी रेडियम आणि नंतर ट्रिटियम ही किरणोत्सर्गी द्रव्ये लावत असत. ट्रिटियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, सुमारे 12 वर्षांचे, म्हणून 1960 च्या दशकातली घड्याळे आता अंधारात उजळत नाहीत, आणि तो लेप पिवळसर, सायीसारखा झालेला दिसतो. नव्या घड्याळांत बहुधा सुपर-ल्युमिनोव्हा हा किरणोत्सर्ग नसलेला चमकणारा लेप असतो, आणि जुन्या वळणाच्या घड्याळांत जुन्याची आठवण यावी म्हणून त्यात अनेकदा तो सायीचा रंग मुद्दाम मिसळलेला असतो. काहींना हे खोटेपण वाटते, मला तसे वाटत नाही. मात्र रंगापलीकडे काय आहे हे तपासलेच पाहिजे. केसचा आकार, काट्यांची घडण, काचेचा उंचवटा हे मूळ घड्याळाकडून घेतलेले आहे, की नेहमीच्याच मॉडेलला नवी तबकडी बसवून वर आकडा कोरला आहे? त्या कंपनीच्या मूळ घड्याळाचे छायाचित्र शोधावे, नव्याच्या शेजारी ठेवावे आणि एकेक भाग ताडून पाहावा. या तासाभराच्या कामात बऱ्याच जणांचा निर्णय होऊन जातो.

आकड्याचे खरे वजन

‘मर्यादित’ हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो, म्हणून विक्रेत्याला नेमके विचारावे. एकूण नग ठरलेले आहेत का? की फक्त एका वर्षापुरते किंवा एका देशापुरते उत्पादन आहे? की केवळ ‘स्पेशल एडिशन’ आहे, जिच्या संख्येला काहीच बंधन नाही? नग ठरलेले असले तरी आकडा किती, हे पाहावे. ओमेगाने 1957 च्या आपल्या तीन घड्याळांच्या नव्या प्रती 2017 मध्ये काढल्या, त्यांत सीमास्टर 300 हे डायव्हिंग घड्याळ होते, आणि प्रत्येकाचे नग होते 3557. घड्याळ सुंदर आहे यात शंका नाही, पण साडेतीन हजार ही संख्या शुक्रवारच्या आत धावपळ करावी इतकी लहान नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच घराण्यातले साधे भावंड बाजारात आहे का, हे पाहणे. सेइकोने 1965 मध्ये आपले पहिले डायव्हिंग घड्याळ काढले, ते 150 मीटरचे होते. 2017 मध्ये त्याची जवळजवळ तंतोतंत प्रत 2000 नगांत आली, आणि त्याच सुमारास त्याच मूळ घड्याळावर बेतलेले, संख्येचे बंधन नसलेले आणि किमतीने बरेच खाली असलेले मॉडेलही आले. दोन्हींत फरक होता, तो मशीनचा, काचेच्या ठेवणीचा आणि मूळाशी असलेल्या निष्ठेचा. तो फरक ज्याला मनगटावर रोज जाणवणार आहे त्याने वरची किंमत मोजावी. ज्याला तो पुस्तकात वाचल्याशिवाय कळत नाही, त्याचे समाधान दुसऱ्या घड्याळाने पुरते होईल. टुडरचे 2018 मधले ब्लॅक बे फिफ्टी-एट हे उदाहरणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 39 मिलिमीटरचे, 200 मीटरचे, 1958 च्या घड्याळावर बेतलेले हे मॉडेल मर्यादित नव्हते, तरी लोकांनी त्यासाठी महिनोनमहिने वाट पाहिली. लोकांना ओढ त्याच्या मापाची आणि प्रमाणबद्धतेची होती.

बुकिंगच्या मुदतीबद्दल माझा नियम कडक आहे. रक्कम परत मिळणार की नाही, हे लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. आणि मुदत इतकी कमी असेल की घड्याळ हातात घालून पाहताच येणार नाही, तर ती संधी जाऊ द्यावी.

मनगटावर आणि पाण्यात

केसचा व्यास सगळे जण विचारतात, पण घड्याळ हातावर बसेल की नाही हे ठरते ते वरच्या आणि खालच्या टोकांमधल्या अंतरावर, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतच्या लांबीवर. हा आकडा कंपनीच्या माहितीत असतो किंवा मागितल्यावर मिळतो. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यावा, त्या लांबीची आणि व्यासाची आकृती कापावी, दोऱ्याने मनगटावर बांधावी आणि आरशात पाहावे. टोके मनगटाच्या कडेबाहेर गेली तर ते घड्याळ आपल्यासाठी नाही. जाडीही तपासावी. पूर्ण बाहीच्या शर्टाची कफ ज्यावरून सरकत नाही असे घड्याळ कोर्टात, बँकेत किंवा शाळेत रोज वापरले जात नाही. त्या तरुण वकिलाने कागद कापला तेव्हा तो त्याच्या हडकुळ्या मनगटावर जेमतेम बसला. दोन्ही टोके हाडावर टेकली होती.

पाण्याचा विषय जरा थांबून सांगण्यासारखा आहे, कारण इथे माझी स्वतःची चूक आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे 200 मीटर लिहिलेले एक साधे डायव्हिंग घड्याळ होते. उन्हाळ्यात औशाकडच्या मेहुण्याच्या शेतात भाच्याला पोहायला शिकवण्यासाठी मी विहिरीत उतरलो. विहिरीत पाणी फार तर दोन परस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली, आणि तारखेच्या खिडकीजवळ पाण्याचा एक बारीक थेंब हलत होता. गंजगोलाईतल्या ज्या वृद्ध कारागिराकडे आमच्या घरची सगळी घड्याळे जातात, त्यांनी भिंग डोळ्याला लावून मागचे झाकण उघडले, एका स्क्रूच्या डोक्यावर आलेला तांबूस गंज मला दाखवला आणि म्हणाले, “साहेब, ही चावी तुम्ही बसवलीच नव्हती.” आदल्या दिवशी तारीख लावताना मी चावी, म्हणजे घड्याळाच्या बाजूची वेळ-तारीख लावायची आट्यांची गुंडी, उघडली होती आणि पुन्हा आटे फिरवून घट्ट केली नव्हती. “चाचा, पण यावर 200 मीटर लिहिले आहे,” असे मी म्हणालो. “ते चावी बंद असताना,” एवढेच ते म्हणाले.

म्हणून तबकडीवरचा आकडा कसा वाचायचा हे समजून घ्यावे. डायव्हिंग घड्याळांसाठी आयएसओ 6425 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार किमान 100 मीटरची क्षमता लागते, प्रत्येक नगाची चाचणी लिहिलेल्या क्षमतेपेक्षा 25 टक्के जास्त दाबाखाली होते, आणि अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी लागते. जायकवाडीच्या धरणाची उंची साधारण 40 मीटर आहे, हे लक्षात घेतले तर 200 आणि 300 मीटर यांतला फरक आपल्यापैकी कोणाच्याही आयुष्यात येणार नाही, आणि त्या फरकासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. फरक पडतो तो आत पाणी शिरू न देणाऱ्या रबरी रिंगांनी. त्या उष्णतेने आणि वयाने कडक होतात, आणि मराठवाड्यात मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या घड्याळाचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. पोहणार असाल तर वर्षातून एकदा दाबाची चाचणी करून घ्यावी, आणि गरम पाण्याने अंघोळ करताना घड्याळ काढून ठेवावे.

काचेचा निर्णयही आपल्या हवेकडे पाहून करावा. जुन्या वळणासाठी काही कंपन्या प्लेक्सीची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, काच ठेवतात, तिच्यातून तबकडी फार मऊ आणि उबदार दिसते. पण मळणीच्या दिवसांत उडणाऱ्या धुळीत वाळूचे कण असतात, त्यांची कठीणता 1 ते 10 च्या मोहस मापावर 7 असते, आणि प्लेक्सीवर त्यांचे ओरखडे पडतातच. ते पॉलिशने निघतात, एवढीच जमेची बाजू. कृत्रिम नीलमाची काच 9 वर असल्यामुळे तिला धुळीचे भय नाही. शेतावर जाणाऱ्या माणसाने फुगीर नीलम काच असलेले घड्याळ निवडावे, असे मी सांगेन. चामड्याचा पट्टा आपल्या घामापुढे दोन उन्हाळेही टिकत नाही, तेव्हा स्टीलची चेन किंवा रबरी पट्टा असावा.

पैसे, सर्व्हिसिंग आणि कागद

आपल्या भागात घरात मोठी रक्कम येते ती सोयाबीन आणि तूर विकल्यावर, आणि त्या रकमेला आधीच चार तोंडे असतात. म्हणून घड्याळाच्या किमतीची तुलना दुसऱ्या घड्याळाशी न करता त्याच पैशात घरात येऊ शकणाऱ्या सोन्याशी करावी. सोने कोणत्याही दिवशी, कोणत्याही सराफाकडे, घट धरून त्या दिवसाच्या भावाने मोडता येते. घड्याळासाठी तसा भावफलक नाही. विकायचे म्हटले तर त्याच घड्याळाची आवड असलेला माणूस शोधावा लागतो, तो बहुधा मुंबई-पुण्याचा असतो, आणि डबा, कार्ड किंवा चेनची एखादी काढलेली कडी नसली तरी तो भाव पाडतो. काही मोजक्या मॉडेलांची किंमत वाढलेली आहे, पण ती वाढ आधी ओळखून घड्याळ घेणे हा धंदा आहे, आणि तो रोज त्यात वावरणाऱ्या माणसांनी करावा. तुम्ही घड्याळ गुंतवणूक म्हणून घेत असाल तर घेऊ नका, एवढे मी स्पष्ट सांगतो. कर्ज काढून किंवा हप्त्यावर तर मुळीच नको.

घरात बोलणे झाले पाहिजे, तेही पैसे भरण्याआधी. मी माझ्या सौभाग्यवतींना एकदा किंमत सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “अहो, हे रोज घालणार का?” या प्रश्नाला मी तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही, आणि ते घड्याळ घेतले नाही. आजही ते मला सुंदर वाटते.

किमतीनंतरचा खर्च म्हणजे सर्व्हिसिंग. ऑटोमॅटिक मशीनला काही वर्षांनी उघडून साफसफाई, तेल आणि नव्या रबरी रिंगा लागतात. कंपनीने किती वर्षांचे अंतर सांगितले आहे आणि आज त्याचा दर काय, हे शोरूममध्ये लेखी विचारावे, आणि वीस वर्षांत असे किती वेळा होईल ते गुणून मूळ किमतीत मिळवावे. दुसरा प्रश्न मशीन कोणते, हा आहे. अनेक कंपन्यांत वापरले जाणारे प्रचलित मशीन असेल तर पुढे सुटे भाग मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि फक्त त्या कंपनीचेच असेल तर घड्याळ प्रत्येक वेळी त्यांच्याकडेच पाठवावे लागते. लातुरातून पुणे काय आणि हैदराबाद काय, दोन्ही रात्रभराचे प्रवास, आणि घड्याळ काही वेळा तिथून थेट परदेशात जाऊन महिन्यांनी परत येते. आमच्या चाचांसारखा हात आता फार थोड्या गावांत उरला आहे, आणि जो आहे त्याच्याकडे मर्यादित आवृत्तीची खास तबकडी किंवा काटा मिळणार नाही. म्हणून त्या खास भागांचा पुरवठा कंपनी किती वर्षे करणार, हेही विचारावे. अचूकतेसाठी सीओएससी या स्विस चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असेल तर त्या मशीनची दिवसाची सरासरी चूक उणे 4 ते अधिक 6 सेकंदांत असते. चांगली गोष्ट आहे, पण केवळ तिच्यासाठी निर्णय बदलू नये.

कागदांची बाब थोडक्यात सांगतो. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी. 10 लाखांहून महाग मनगटी घड्याळावर 22 एप्रिल 2025 पासून विक्रेता 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, गोळा करतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून बिल आपल्याच नावाने आणि पॅनसह असावे. 2 लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याची मनाई आहे. “निम्मे रोख द्या, बिल कमी करतो,” असे कोणी म्हणाले तर तिथून उठावे. दुबईहून नातेवाइकाकडून आणवणार असाल तर विमानतळावर रीतसर जाहीर करून शुल्क भरलेल्याची पावती जपावी. ते शुल्क धरल्यावर इथली किंमत किती वेगळी राहते, हे आधीच मांडून पाहावे.

याच ठिकाणी एक वेगळी वाट सुचवावीशी वाटते. माझ्या वडिलांच्या मनगटावर फेवर-ल्यूबाचे ‘सी किंग’ होते, आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांच्या आणि तलाठ्यांच्या हातावर असायचे तसेच. याच कंपनीने 1960 च्या दशकात ‘डीप ब्लू’ हे डायव्हिंग घड्याळ आणि 1968 मध्ये पाण्याची खोली मोजणारे ‘बॅथी’ काढले होते. ज्याला जुन्या काळाचीच ओढ आहे, त्याने घरातले जुने घड्याळ दुरुस्त करून घ्यावे की नव्या घड्याळावर जुना रंग विकत घ्यावा, याचा विचार जरूर करावा. मात्र बाजारातून जुने विकत घेताना सावध राहावे, कारण तबकडी पुन्हा रंगवलेली आणि तीन घड्याळांचे भाग एकत्र केलेले नग सर्रास फिरतात. आणि खरे जुने डायव्हिंग घड्याळ कितीही मीटरचे असले तरी आता पाण्यात नेऊ नये.

काउंटरवर

एवढे सगळे करून ‘घ्यायचे’ असे ठरले, तर पैसे देण्याआधी अर्धा तास मागून घ्यावा. वॉरंटी कार्डावरचा क्रमांक केसवरच्या क्रमांकाशी अंक-अंक जुळवावा आणि कार्डावर तारीख व विक्रेत्याचा शिक्का आपल्यासमोर घालून घ्यावा. बेझल पूर्ण एक फेरा फिरवावी. काहींना 60 ठोके असतात, काहींना 120. फेरा संपल्यावर शून्य तबकडीवरच्या बाराच्या खुणेवर बरोबर यायला हवे आणि कडी मागे हलता कामा नये. घड्याळ दिव्याखाली मिनिटभर धरावे, मग दोन्ही तळहातांची ओंजळ करून त्यात झाकून वीतभर अंतरावरून पाहावे, सगळे ठिपके सारखे उजळतात का आणि दोन्ही काटे वेगळे ओळखता येतात का. शेवटी चावी स्वतः उघडावी, वेळ लावावी, आत दाबून आटे पकडेपर्यंत हलक्या हाताने फिरवावी आणि घट्ट बंद करावी. आटे अडखळत असतील किंवा चावी तिरपी बसत असेल, तर दुसरा नग मागावा. दुसरा नग नसेल, तर त्या दिवशी घड्याळ न घेता लातूरची गाडी पकडावी.